रिमोट बंद केल्यावर चाकं थांबली पाहिजेत

मी, खाली सही करणारी, धंदा रिमोटवर चालणाऱ्या ट्रकांची दुरुस्ती, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी घाबरलेली आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे वाक्य काढा, उद्या कोणी म्हणेल की बाईंचे चित्त ठिकाणावर नव्हते. मी काढलेले नाही. उद्या आपली छाती उघडणार हे माहीत असून जी बाई निवांत बसेल, तिच्याच कागदावर संशय घ्यावा.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम एक. दुकान आणि मागच्या दोन खोल्या माझ्या स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या आहेत. माझ्यामागे त्या आमच्या ह्यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहाव्यात आणि नंतर लेकीकडे जाव्यात. ह्यांना खिडक्या लावून घ्यायची सवय आहे. टेबलाशेजारची खिडकी मात्र उघडी ठेवावी, तारांना डाग देताना निघणारा सोल्डरचा धूर तिथूनच बाहेर जातो. बँकेत जे काही असेल ते दोघांनी समजुतीने वापरावे. त्यावरून भांडण होण्याइतके ते नाही.

कलम दोन. सोल्डरिंग आयर्न, मीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच, सुट्या भागांचे खण आणि भिंग हे सगळे लेकीला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण धीर कमी आहे, म्हणून इथेच लिहून ठेवते. सर्व्हो म्हणजे चाके वळवणारी ती लहानशी डबी. ती बसवताना आधी वीज द्यावी, तिला आपोआप मध्यावर येऊ द्यावे आणि मगच तिच्यावरचा आर्म, म्हणजे चाकांकडे जाणारी छोटी दांडी, घट्ट करावा. आधी आर्म आणि मग वीज, असे घाईने केले की चाके तिरकी राहतात, डबी दिवसभर कण्हते आणि संध्याकाळी जळते. रिमोटचा संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरच्या अँटेनाची तार लांब वाटली म्हणून कापू नये. आणि सर्व्हो थरथरू लागला की लगेच नवा घेऊ नये. दहातल्या नऊ वेळा सर्व्हो चांगला असतो, त्याला मिळणारी वीजच कमी पडत असते. गिऱ्हाईक सर्व्होला शिव्या घालते. आपण आधी बॅटरी बघावी.

कलम तीन. धाकट्या दिरांना जळलेल्या सर्व्होंची काचेची बरणी द्यावी. भरल्या मांडवात, सोयऱ्यांसमोर, ते म्हणाले होते, "वहिनी काय, खेळणी नीट करतात." ते वाक्य मी इतकी वर्षे सांभाळले. आता त्यांनी बरणी सांभाळावी.

कलम चार. हे लिहिण्यासाठीच मी हा कागद करायला बसले. माझ्या मालकीचा मोठा ट्रक, कुत्र्याएवढा उंच आणि उचलायला दोन माणसे लागणारा, सध्या जावयांकडे आहे. ते आणि लेक मैदानावरच्या खेळांत तो चालवतात. मागच्या खेळात लेकीच्या हातातल्या रिमोटचा संदेश तुटला आणि ट्रक थांबण्याऐवजी पूर्ण वेगाने सरळ प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे निघाला. पहिल्या रांगेतली खुर्ची त्याने दुमडून टाकली. त्या खुर्चीवर हे बसले होते. मला गोळी घ्यायची होती, मी पाणी मागितले, म्हणून हे उठले होते. तहानेने माणूस मरतो हे ऐकले होते. माझ्या तहानेने माझा नवरा वाचला.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. डोळे मिटले की ती खुर्ची दिसते, आणि तिच्यावर हे दिसतात.

जावई म्हणाले, "आई, सर्व्हो अडकला होता. नवा टाकलाय, एकदम भारी. आता काळजी नको." मी म्हटले, "जावईबापू, सर्व्हो अडकला तर गाडी वळणार नाही. पण तिला वेग कोणी दिला?" ते म्हणाले, "तुम्ही आराम करा."

वेग रिसीव्हरने दिला. रिमोटचा संदेश तुटला तर काय करायचे, हे रिसीव्हरला आधीच शिकवून ठेवावे लागते. त्याला आम्ही फेलसेफ म्हणतो. रिमोट आणि रिसीव्हर यांची जोडी जुळवताना रिमोटचा ट्रिगर, म्हणजे वेगाची कळ, ज्या जागी असेल तीच जागा ह्या जातीचा रिसीव्हर लक्षात ठेवतो. ट्रिगर मोकळा असेल तर संदेश तुटताच गाडी उभी राहते. ट्रिगर दाबलेला असेल तर गाडी पळते, आणि पळत राहते. आता आमच्या जावयांची एक सवय आहे. गाडी स्टँडवर ठेवून चाकांचा आवाज ऐकायचा असला की ते लेकीच्या केसांचे रबर ट्रिगरला गुंडाळतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे. त्या खेळाआधी त्यांनी रिसीव्हर बदलून जोडी नव्याने जुळवली होती. रबर काढल्याचे कोणालाच आठवत नाही.

मी तपासले असते, पण ट्रक त्यांच्या घरी होता आणि मला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची मनाई आहे. येत्या रविवारी पुन्हा खेळ आहे. त्या दिवशी मी कुठे असेन हे डॉक्टरही सांगत नाहीत.

म्हणून माझी इच्छा अशी, की हा ट्रक जावयांना द्यावा, पण एका अटीवर. त्यांनी तो साक्षीदारांसमोर स्टँडवर चढवावा, चाके हवेत असावीत, मग गाडी चालू असताना रिमोट बंद करावा. चाके थांबली पाहिजेत. थांबली नाहीत तर ट्रक त्याच दिवशी सुटा करावा आणि त्याचा एकही भाग दुसऱ्या गाडीला लावू नये.

इथपर्यंतचा मजकूर वकीलबाईंनी आज दुपारी दुकानात मोठ्याने वाचला. मिळकत डोळ्यांसमोर असावी म्हणून मी ट्रक मागवून घेतला होता. जावई आणि लेक तो घेऊन दारातच उभे होते. पुढे जे झाले ते मी जसेच्या तसे जोडत आहे.

चौथे कलम ऐकून जावयांचे तोंड उतरले. ते म्हणाले, "आई, एवढा अविश्वास? आत्ता दाखवतो." लेक म्हणाली, "अहो, राहू द्या ना, उद्या ऑपरेशन आहे." मी म्हटले, "उद्या आहे म्हणूनच."

त्या दोघांनी ट्रक टेबलावरच्या स्टँडवर चढवला. जावयांनी ट्रिगर हलका दाबला, चाके फिरली. मग रिमोट बंद केला.

चाके थांबली नाहीत. त्यांचा आवाज चढत गेला, स्टँड टेबलावर सरकू लागले, खणातले स्क्रू वाजू लागले. ह्यांनी नकळत आपली खुर्ची मागे ओढली. जावयांनी हात घालून बॅटरीची तार उपटली तेव्हा कुठे दुकान शांत झाले. लेकीने केसांना हात लावला आणि रडायला लागली. जावई ह्यांच्याकडे बघत होते, ट्रककडे नाही. ते म्हणाले, "बाबा, रबर मीच लावलं होतं."

हे म्हणाले, "मला पाणी द्या कोणीतरी."

मग जावयांनी माझ्या टेबलावर बसून जोडी पुन्हा जुळवली. जुळवताना ट्रिगरवरचे बोट काढून त्यांनी हात वर करून मला दाखवला. गाडी चालू, रिमोट बंद. चाके थांबली. त्यांनी तसे पुन्हा केले, मी सांगितले नसताना.

पहिल्या वेळी चाके थांबली नाहीत, तरी दोष त्यांनी स्वतः दूर केला, म्हणून चौथ्या कलमातली अट पूर्ण झाली असे मानावे. ट्रक जावयांचा. प्रत्येक खेळाआधी ही परीक्षा त्यांनीच घ्यावी आणि ह्यांनी पहिल्या रांगेत बसू नये.

कलम पाच. माझे काही बरेवाईट झाले तर माझ्या हृदयात काय बिघडले होते यावर सोयऱ्यांनी चर्चा करू नये. दुकान दुसऱ्या दिवशी उघडावे. दुरुस्तीला आलेल्या गाड्या लोकांच्या आहेत.

वरील सर्व मजकूर मी ऐकला, मला समजला आणि तो माझाच आहे. खालची सही थरथरलेली दिसेल. हात बदललेला नाही, माणूसही तोच आहे. वीज कमी पडते आहे.

सही : दुकानाची मालकीण

साक्षीदार एक : समोरचा कुलूपवाला. बाईंनी माझ्यासमोर सही केली. चाके मी दोन्ही वेळा पाहिली.

साक्षीदार दोन : वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई. सही करताना त्यांचा दुसरा हात यजमानांनी धरला होता. दडपण म्हणून नव्हे.

ठिकाण : दुकानातले दुरुस्तीचे टेबल
दिनांक : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, खिडकी उघडी असताना