उथळ बाजूचे ब्लॉक

२२ एप्रिल, मंगळ.
ज.ने शर्यतीच्या उड्यांचे ब्लॉक तलावाच्या उथळ बाजूला बसवले. सकाळी पोरांना सरावाला घेऊन बिरवाडीला गेले तर सिमेंट वाळतंय. तिथे पाणी माझ्या कमरेच्या जरा वर. त्यात वरून सूर मारायचा, तोही शर्यतीच्या जोशात. विचारलं, खोल बाजूला का नाही? तर म्हणे तिकडे पंपाची खोली फोटोत येते. पाहुण्यांचे सोफे इकडे, म्हणून उड्याही इकडे.
हा माझा धाकटा दीर. लग्नाचं लॉन चाललं म्हणून मागे तलाव बांधला, आणि तलाव बांधला म्हणून आता पोहण्यातलं सगळं कळतं.

२४ एप्रिल, गुरु.
पुन्हा गेले. शांतपणे बोलायचं ठरवून गेले होते, जमलं नाही. सांगितलं, शर्यत पाण्यातूनच सोडू, भिंतीला पाय लावून. उन्हाळी लीग आहे, लहान पोरांची, कुणाचं काय बिघडतं? तो फोनमध्ये बघत म्हणाला, "वहिनी, तुम्ही राज्याला खेळलात तो काळ गेला. आता लोकांना शो लागतो."
घरी हे म्हणाले, त्याचा तलाव, त्याची जबाबदारी, तू तुझी पोरं बघ. भावाचा विषय निघाला की ह्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. आज एवढं तरी बोलले.

२७ एप्रिल, रवि.
पहिली फेरी. शर्यत सोडायची शिट्टी मारायला उभी राहणार नाही म्हणून सांगितलं. माझ्या महाडच्या पोरांना पाण्यातून सुटायला लावलं. माइकवरचा माणूस म्हणाला, महाडची मंडळी आंघोळीला उतरली. हशा. पोरं रडकुंडीला आली, नंतर मलाच बोलली. बोलू देत.
पोलादपूरचा संघ यंदा पहिल्यांदाच. सगळी सावित्रीच्या डोहात शिकलेली. पाणी कापतात नुसतं. पण सूर मारतात तो सरळ खाली, डोहात मारतात तसा. त्यातली सुप्रिया, तेरा-चौदाची असेल, वरच्या वाडीतली. पहिल्याच उडीला बोटं तळाला घासून सोलली, तरी हसत होती. बाजूला घेऊन सांगितलं, आडवी जा गं, खाली नको. "सवय नाय ना बाई." त्यांच्या सरांना सांगितलं, ते म्हणाले आयोजकांशी बोला. आयोजक म्हणजे ज.! बोलले. त्याने माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि सगळ्या मांडवाला हसवलं.
डोक्यात जातो हा माणूस.

४ मे, रवि.
नीट लिहिता येत नाही.
सुप्रियाच. ब्लॉकवरून सुटली आणि वर आली ती पालथी. हलेना.
मी कपड्यांनिशी उतरले. उताणी केली, मान हलू नये म्हणून तिच्याच दोन्ही दंडांच्या मध्ये धरली. काठावरून ज. ओरडत होता, आधी बाहेर काढा तिला, लोक बघतायत. त्याची दोन माणसं ओढायला आली. मी म्हटलं, "हिच्या मानेला हात लावलात तर हात तोडीन." माझा आवाज मलाच ओळखू येईना. मांडवातून कुणीतरी टेबलाची फळी आणली. तोवर तिला तशीच पाण्यावर धरून ठेवली. वर बघत होती. म्हणाली, "बाई, माजे पाय कुटं हायत?"
महाडच्या दवाखान्यातून मुंबईला पाठवली.
मागे ज.ने बक्षीस समारंभ उरकून घेतला.

६ मे, मंगळ.
मानेचं ऑपरेशन झालं. हातांना जाण आहे. पायांचं डॉक्टर काही बोलत नाहीत.
ज. सांगत फिरतोय, नदीतली पोर, शिस्त नाही, सांगून ऐकलं नाही. वर हेही, की वहिनींनीच उगाच तिला पाण्यात ठेवली. मला कुणी सांगितलं? सासूबाईंनी. आमटी वाढता वाढता.
ताट सारून उठले.

९ मे, शुक्र.
ज. घरी आला, आंब्यांची पेटी घेऊन. पोलिसांनी विचारलं तर इतकंच सांगायचं म्हणे, पाणी पुरेसं खोल होतं. घरातलं घरात राहू द्या. मी पेटी उचलून त्याच्या गाडीच्या टपावर नेऊन ठेवली. ह्यांनी ती परत आत आणली. घरभर वास सुटलाय, शिसारी येते.
ब्लॉक तसेच आहेत. अंतिम फेरी रविवारी होणारच म्हणे.

१० मे, शनि.
दुपारी सुप्रियाची आई दारात. मुंबईहून कपडे न्यायला वाडीवर आली होती, परत जाताना इकडे. आत ये म्हटलं तर आली नाही, पाणीही नको म्हणाली. ज.ने तिच्याकडेही माणूस पाठवला होता, चूक पोरीची होती एवढं बोला, दवाखान्याचं आम्ही बघतो. तिने त्याला उंबऱ्यावरूनच घालवला.
मग माझ्याकडे बघत म्हणाली, "पोर सांगते, बाईंनी मला आदीच सांगितलं व्हतं, आडवी जा. म्हंजे तुमाला ठावं व्हतं."
हो म्हटलं. दिराशी किती भांडले ते सांगायला लागले. तिने मध्येच थांबवलं.
"माज्यापाशी नको. तितं पोलिसांत सांगा."
गेली. मागे वळून बघितलं नाही. राग आला तिचा. अजून आहे. पण ती चुकीचं काय बोलली ते सापडत नाही.

११ मे, रवि.
अंतिम फेरी झाली. मी पोरं नेली नाहीत, तरी दोघांना त्यांचे आईबाप घेऊन गेले. ब्लॉकवरूनच उड्या. कुणाला काही झालं नाही. ज.ने मला मुद्दाम फोटो पाठवले, पोरांच्या गळ्यात पदकं.
पोलीस ठाण्यातून फोन आला, उद्या सकाळी जबाबाला या. सासूबाई देवापुढे बसून, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, घर फोडणारी.
आत्ता बघते तर हे उद्याचा शर्ट काढून इस्त्री करतायत. माझ्यासोबत यायला की भावाकडे जायला, विचारलं नाही. विचारणारही नाही. मी सकाळी चहा झाला की जबाबाला निघणार.