सर्व नेहमीप्रमाणे

शुक्रवार, १४ मार्च
दुपारचा चहा झाल्यावर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

पहिली ओळ खोडलेली दिसेल. सवयीने ‘इकडे सर्व नेहमीप्रमाणे’ असं लिहून गेले आणि स्वतःचाच राग आला. का, ते पुढे येईलच.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू दोनदा चढतेस, म्हणून काही म्हणत नाही. आई बरी आहे. प्रयोगशाळेला तुझं नाव देणार, पाटी लागणार, म्हणून तिने त्या दिवसासाठी नव्या चपला घेतल्यात आणि ऐन वेळी चावू नयेत म्हणून आतापासून घरभर घालून फिरते.

परवा फोनवर तू मला वाक्य पुरं करू दिलं नाहीस. “बावीस वर्षं झाली त्याला. त्या उंदरांची हाडंसुद्धा शिल्लक नसतील. पाटी लागू दे, मग घाल काय गोंधळ घालायचाय तो,” म्हणालीस आणि फोन ठेवलास. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण वाचल्याशिवाय तू काही फाडत नाहीस.

तुझी प्रयोगशाळा सोडून मी वैद्यकीय निबंधांच्या शोधसूचीच्या कामाला लागले, तेव्हापासून तू मला कारकूनबाई म्हणतेस. “दुसऱ्यांच्या निबंधांना चिठ्ठ्या चिकटवते,” असं चारचौघांत सांगतेस. चिकटवते! अंतराळात जाऊन आलेल्या प्रत्येक उंदराची, रोपाची, रक्ताच्या थेंबाची नोंद कोणत्या शब्दाने सापडावी, ते मी ठरवते. ज्याला शब्द नाही तो निबंध असून नसल्यासारखा. अठरा वर्षं हेच केलं. मान खाली घालावी असं त्यात काही नाही.

गेल्या महिन्यात अंतराळवीरांची तब्येत सांभाळणाऱ्या एका डॉक्टरने विचारणा केली. लांबच्या मोहिमेत त्यांचा रोजचा व्यायाम अडीच तासांवरून दीड तासावर आणायचा होता. आधाराला तिने तुझा-माझा बावीस वर्षांपूर्वीचा निबंध घेतला होता: वर गेल्यावर हाडं झिजतात, पण इतर सांगतात त्याच्या निम्मीच. मी एकेचाळीस प्रयोगांतले जमिनीवर ठेवलेले, तुलनेचे उंदीर एका रांगेत आणले. चाळीस ठिकाणी हाडं ठणठणीत. एका ठिकाणी पातळ. ते आपले. आपले वर गेलेले उंदीर कमी झिजले नव्हते, आत्या. खाली राहिलेलेही झिजले होते, म्हणून फरक कमी दिसला.

ते का झिजले, हे जुन्या वहीत सापडलं. पिंजऱ्यांच्या खोलीतल्या तापमानाचा आलेख मागच्या कव्हरात अजून आहे. दिवे बारा तास चालू आणि बारा तास बंद राहायला हवे होते. बंद झाले की तापमान थोडं उतरतं. आपली रेघ सदतीस दिवस सपाट आहे. दिव्यांचं घड्याळ अडकलं होतं, खालच्या उंदरांना अंधार मिळालाच नाही, आणि सततच्या उजेडात हाडं पातळ होतात. आणि शेजारी रोजचा एकच शेरा, ‘सर्व नेहमीप्रमाणे’. अक्षर माझं.

तू म्हणशील, नवखी होतीस, लक्षात आलं नसेल. परवा मीही तसंच काहीतरी पुटपुटले. खोटं होतं ते.

नवव्या दिवशी मला दिसलं होतं. घड्याळाचा काटा बोटाने ढकलून पाहिला, हलला नाही. तुझ्या खोलीच्या दारापर्यंत आले. आत तू तंत्रज्ञाला एका फुटक्या नळीवरून फैलावर घेत होतीस. “माझ्याकडे चुकीला जागा नाही, समजलं?” मी तशीच मागे फिरले आणि वहीत लिहिलं, नेहमीप्रमाणे. पहिले आठ दिवस न बघता लिहिलं होतं, पुढचे सगळे बघून. मला तुझी भीती वाटत होती, आत्या. एवढंच कारण. बावीस वर्षांत ते कुणाला सांगितलं नाही.

आज सकाळी आपल्या निबंधाला मी शब्द जोडला: ‘तुलनागट सदोष’. खाली कारण लिहिलं, वहीचं पान जोडलं, माझं नाव घातलं. त्या डॉक्टरला आणि निबंध छापणाऱ्यांना कळवलं. व्यायाम अडीच तासच राहणार आहे. आमचे साहेब म्हणाले, “स्वतःच्याच निबंधावर? नोकरीचा विचार केलात का?” केला म्हटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

तेव्हा हे पत्र परवानगीसाठी नाही. पाटी लागली तर मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवीन. नाही लागली तर ती माझ्यामुळे, आणि ते मला जन्मभर टोचत राहील. जे काही येतं ते मला तू शिकवलंस. पण तो शब्द मी काढणार नाही. तू आकांडतांडव केलंस तरी नाही, बोलणं टाकलंस तरी नाही.

ओरडायचं असेल तर फोन करू नकोस, इथे ये. या वेळी मी दारातून मागे फिरणार नाही.

इकडे काहीच नेहमीप्रमाणे नाही.

तुझी,
कारकूनबाई