ओ निगेटिव्हच्या यादीतला विलासभाऊ

१२ ऑगस्ट
आमच्या मेडशी गावच्या रक्तदात्यांची वही शेवटी कॉम्प्युटरवर पायथनमध्ये आणली. कॉम्प्युटरचा क्लास सुटल्यावर तिथंच बसून. गटागटाची वेगळी यादी. तीन महिन्यांच्या आत ज्यानं रक्त दिलं, त्याचं नाव यादीतून आपोआप निघून जाणार. चालवून पाह्यलं, नावं निघाली. सगळी निघाली का, ते मोजलं नाही.

१९ ऑगस्ट
सकाळी वाशीमहून फोन. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह पायजे. यादीत तीन नावं. एक पुण्यात, एकाचा फोन बंद. तिसरा शेजारचा विलासभाऊ, मळ्यात वांगे तोडत होता, तिथं गेली.
"भाऊ, आता तुमीच हाव."
हातातली वांगी टोपलीत टाकली. "निघतो."
दुपारी कळलं, बाई वाचली. संध्याकाळी कळलं, वापस येताना भाऊले घेरी आली, गाडीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं.

२१ ऑगस्ट
दवाखान्यात गेली. भाऊच्या खाटेजवळ वयनी तोंड फिरवून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मागच्याच महिन्यात देल्लं होतं त्यायनं, गजूभाऊजीसोबत. तुले माहीत नोतं काय, संगीता?"
माहीत होतं, पण यादीवर विसंबली. वहीत तारीख माझ्याच हातची. गजूचं नाव निघालं, मंग त्याच्या भावाचं काहून राह्यलं?

२२ ऑगस्ट
सापडलं. ज्या यादीवर लूप एकेक नाव तपासत फिरत होता, तिच्यातूनच मी नावं काढत होती. एक काढलं की मागची सारी एक जागा पुढं सरकतात, लूप मात्र पुढच्या जागेवर जातो. गजूच्या लगेच मागं विलासभाऊ. गजू निघाला, भाऊ त्याच्या जागेवर आला, अन् लूपनं त्याले तपासलंच नाही.
रक्त द्यायला चालणारे तेवढे नव्या यादीत घ्यायचे, जुनीले हात लावायचा नाही. एवढंच करायचं होतं. केलं. मग वही घेऊन एकेक नाव ताडून पाह्यलं. आता बरोबर हाय. आता.

२४ ऑगस्ट
भाऊ-वयनी दोघांसमोर सांगितलं. "चूक माह्या हातची हाय."
भाऊ म्हणे, "मले का आठवत नोतं? रक्त घेताना इचारलं त मी चार महिने झाले म्हणलं. त्या बाईचा नवरा समोर उभा होता, त्याच्याकडं पाहवत नोतं."
वयनी रडल्या नाहीत. "नाव काढ याचं. कायमचं."
"काढू नको," भाऊ म्हणे.
मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आली.

२६ ऑगस्ट
फाईल उघडली. रिमूव्ह, म्हंजे काढ, असं लिहिलं, कंसात भाऊचं नाव. चालवलं नाही. ओ निगेटिव्हवाले गावात आहेतच किती. अन् वयनी...
त्यांचाच फोन आला. "काढलं काय?"
"त्याच कामाले बसली हाय," म्हणलं.