एमोसीची कंबर

१० फेब्रुवारी, सोमवार

एकशे नऊ! एमोसीची कंबर एकशे नऊ सेंटिमीटर. मर्यादा एकशे दोनची. मीच मोजली, मीच वहीत लिहिली. तो हसत होता. मला हसू आलं नाही.

आमच्या बेटावरच्या छावणीतून नव्वद सैनिक सिनाईच्या वाळवंटात जायचे आहेत, शांतिसेनेत. दोन एप्रिलचं विमान. आज दीडशे जण रांगेत उभे केले. पूर्वी एका जागेसाठी चार जण भांडायचे. आज नव्वद भरेनात! एकाहत्तर जण मापाच्या वर. मेजरसाहेब म्हणाले, "सहा आठवडे देतो. चोवीस मार्चला शेवटचं माप. टेप मास्तरकडेच राहील. देवाला भिऊन वागणारा माणूस आहे, खोटं मोजणार नाही."

बावीस वर्षं इथे कपडे शिवतोय. आधी नव्या पोरांचे कोट आत घ्यावे लागायचे. या महिन्यात सतरा कोट सैल केले. आत घेतलेला एकही नाही. समारंभाचा सुलू त्यातल्या त्यात बरा — कमरेला गुंडाळायचा असतो, कुणाचं किती वाढलं ते कळत नाही.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी एमोसी आला. ओट्यावरूनच ओरडला, "ए सुईदोऱ्या! माझी कंबर मोजतोस, तुझी कोण मोजणार? टेप पुरायची नाही, जहाजाचा दोर आणावा लागेल!"

म्हटलं, "तू वाळवंटात उतरलास की उंट पळून जातील. त्यांना वाटेल, यालाच पाठीवर घ्यायचंय."

उनैसी आतून हसत होती. बायकोला आमचं हे पाठ आहे. एमोसी माझ्या मामाचा मुलगा. मामे-आतेभावांनी एकमेकांची अब्रू काढायचीच, अशी आमची रीत. गोड बोललो तर लोक विचारतील, भांडलात का?

जाताना मात्र दारात थांबला. "या वेळी जायलाच हवं रे. पुढच्या वर्षी वय आडवं येईल." वादळात त्याचं छप्पर उडालं, त्याला वर्ष झालं. अजून ताडपत्रीखाली राहतोय. सिनाईहून आलेल्यांच्या घरांवर नवे पत्रे चढलेले मी पाहिलेत.

१९ फेब्रुवारी

एमोसी पहाटे चालायला जातो. गावच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पण आमच्या गावात दारावरून माणूस गेला की आतून हाक येणारच — "ये, जेवायला ये!" आणि हाक आल्यावर निदान घासभर न खाता पुढे जाणं म्हणजे त्या घराच्या तोंडावर दार आपटणं. आज तो तासभर चालला आणि चार घरी खाऊन आला. दालोचा कंद नारळाच्या दुधातला, डब्यातली मासळी, नूडल्स, आणि वर एका घरी गोड भजी.

"उद्यापासून समुद्रातून चालतो," म्हणाला. "मासे तरी जेवायला बोलावणार नाहीत."

२३ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये वैसेआ पहिल्या बाकावर. कुबड्या बाकाखाली. गेल्या वर्षी सिनाईला गेला, उजवा पाय गुडघ्याखाली तिकडेच ठेवून आला. बुटाचा साधा फोड. रक्तात साखर होती, त्याला कळलंच नव्हतं. फोड चिघळत गेला. आवाज पूर्वीसारखाच, भजनाचा खालचा सूर तोच धरतो.

त्यालाही मीच मोजलं होतं. एकशे एक. वही काढून पुन्हा पाहिलं. एकशे एकच. मग माझ्याकडून चूक नाही. तरी त्याच्याकडे बघवत नाही.

३ मार्च

मशीनच्या पायपट्टीला घासून उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ सोललंय. उनैसीने पाला बांधला.

एमोसी एकशे सहा.

१२ मार्च

एमोसी एकशे चार. गाल बसलेत. खरंच समुद्रात कमरेभर पाण्यातून चालतो रोज, ओहोटीला पार प्रवाळाच्या कडेपर्यंत. रात्रीचं जेवण सोडलंय. त्याची आई रडते — पोराला काय झालंय, माझ्या हातचं टाकतो!

आज दुकानात कुणी नाही असं बघून म्हणाला, "सुईदोऱ्या, चोवीस तारखेला दोन सेंटिमीटर राहिले तर... जरा ओढून धर ना. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"तू लहानपणी माझ्या घरचं किती खाल्लंस?"

थट्टा नव्हती ती. मी खाली मान घालून काज करत राहिलो. आई गेल्यावर मामानेच वाढवलं मला. गावच्या शाळेत एमोसी आणि मी एकाच पाटीवर लिहायचो.

देवा, माझा हात सरळ राहू दे.

२४ मार्च, सोमवार

एकशे एक!!

ओढली नाही. उलट टेपेखाली एक बोट घालून पाहिलं. एकशे एक. एमोसीने मला उचललं — मला! — आणि म्हणाला, "देवा रे, याला उचलायचं तर क्रेन लागेल!" नव्वद पूर्ण झाले. मेजरसाहेबांनी हात मिळवला.

संध्याकाळी आजोळी पंगत. खड्ड्यात भाजलेलं डुक्कर, दालोची रास. बारीक झाला म्हणून जेवण! मी पोटभर खाल्लं. आज मन हलकं होतं.

२६ मार्च



चर्चच्या वेदीसाठी तांबडं कापड आणलं होतं, तीन मीटर. टेप लावली तर दोन मीटर अठ्ठ्याऐंशी. राग आला. देवाच्या कापडात कापाकापी! तसाच बसने शहरात गेलो. दुकानदार रमणिकभाई म्हातारे आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. मग पितळी गज काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, तुमची टेप द्या जरा." गजाशेजारी टेप पसरली. गज मीटरभराचा. टेपेवर तिथे शहाण्णव.

"कापडी टेप आहे. किती वर्षांची?"

"बारा."

"ओढून ओढून म्हातारी झाली. माणसासारखीच, ढिली पडली."

त्यांनी नवी दिली, फुकट. मी भांडायला गेलो होतो, आणि त्यांनी चहा पाजला.

घरी येऊन हिशेब मांडला. माझे एकशे एक म्हणजे खरे एकशे पाच. एमोसी एकशे पाच. गेल्या वर्षीचा वैसेआ — एकशे पाच.

मी कधीही खोटं मोजलं नाही. आणि एकदाही खरं मोजलं नाही.

२७ मार्च

मेजरसाहेबांपुढे दोन्ही टेपा ठेवल्या. त्यांनी वाकून पाहिल्या. दार लावायला सांगितलं.

"नव्वदांतले किती बाद होतील?"

"बत्तीस."

 मग म्हणाले, "मास्तर, या बत्तीसांच्या जागी पाठवायला माझ्याकडे कोण आहे? बाहेरचे सगळे त्यांच्याहून जाड. जागा भरल्या नाहीत तर दुसरा देश भरेल, पुन्हा आपल्याला विचारणार नाहीत. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. वही बंद झाली."

"वैसेआचा पाय, साहेब —"

"मला माहीत आहे." आवाज चढला नाही त्यांचा. वाईट माणूस नाही. नवी टेप माझ्याकडे सरकवली. "ही घरी ठेवा. छावणीत जुनीच बरी आहे."

२८ मार्च

एमोसीला सांगितलं. होडीला रंग देत होता. ब्रश थांबला नाही.

"तू ओढलीस का?"

"नाही."

"मग देवाने ओढली. मी जातो."

"एमोसी, वैसेआला बघ."

"वैसेआला नवं छप्पर मिळालं," म्हणाला. आणि मग हळूच, "मी सहा आठवडे उपाशी समुद्रात चाललोय रे."



दवाखान्यात रक्त तपासून घे म्हटलं. विमानाच्या आधी नाही, म्हणाला. कागदावर आलं तर अडकवतील.

३० मार्च, रविवार

केलं.

आजोळी बहिणीच्या मुलाचा हक्क मोठा असतो. भाचा आला आणि त्याने मागितलं, तर डुक्कर, होडी, काहीही — नाही म्हणता येत नाही. मी उभ्या जन्मात कधी काही मागितलं नाही. एमोसी चिडवायचा, "कसला भाचा! आजवर एक कोंबडीसुद्धा उचलली नाहीस."

चर्चनंतर यांगोनाचं मोठं मूळ घेऊन मामाकडे गेलो; मोठं काही मागायचं तर आधी पेयाचं हे मूळ पुढे ठेवावं लागतं. सगळे जमले होते, एमोसीचा निरोप समारंभ ठरायचा होता. चटईवर मांडी घालून मूळ पुढे ठेवलं. मान वर न करता म्हणालो, "मामा, तुमच्या बहिणीचा मुलगा आज पहिल्यांदा मागतोय. एमोसीचं जाणं मला द्या. तो इथेच राहू दे."

 बाहेर ताडपत्री फडफडत होती. ते ऐकणं सगळ्यांत कठीण गेलं.

मामा ऐंशीचे. त्यांनी मुळाला हात लावला. पोकळ हातांनी तीन टाळ्या वाजवल्या. "दिलं."

एमोसी उठून बाहेर गेला. माझ्याकडे बघितलंही नाही.

२ एप्रिल

विमान गेलं. एकोणनव्वद. त्यातल्या एकतिसांची नावं प्रार्थनेच्या पुस्तकात लिहून ठेवली आहेत. रोज एकेक घेतो.

६ एप्रिल, रविवार

चर्चच्या दारात एमोसी. "नमस्कार मास्तर. कसे आहात?"

बस, एवढंच. मीही म्हटलं, बरा आहे. इतरांसारखे बोललो आम्ही. घरी येईपर्यंत घसा कोरडा पडला होता. हल्ली तहानही फार लागते.

गावात म्हणतात, "भाच्याने डुक्कर मागावं, होडी मागावी. याने घराचं छप्पर मागितलं!" कुणी समोर म्हणत नाही. पण आज दोन दारांवरून गेलो, आणि जेवायला ये अशी हाक आली नाही.

११ एप्रिल

पायाची पट्टी ओली होते. बूट चढत नाही म्हणून अनवाणीच मशीनवर बसतो. दुखत नाही अजिबात. म्हणजे जखम भरत आली असावी.

पुढच्या वर्षी मोजायला दुसरा माणूस बघा, असं मेजरसाहेबांना लिहून दिलं.

१३ एप्रिल, रविवार

एमोसी — "नमस्कार मास्तर."

१६ एप्रिल

पायाला वास येतोय. उनैसीला सांगितलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार. दवाखाना

दोन बोटं गेली. पाय राहिला. आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्यापर्यंत, असं डॉक्टरीण म्हणाली. साखर इतकी होती की तिने दोनदा तपासली.

गुरुवारी एमोसी कोट सैल करायला आला होता, नमस्कार मास्तर म्हणत. माझ्या पायाच्या पट्टीवर माश्या दिसल्या. पट्टी सोडून बघितली आणि ओरडला — सगळ्या छावणीला ऐकू जाईल असा — "अरे आंधळ्या सुईदोऱ्या! जगाच्या कमरा मोजतोस, आणि स्वतःचा पाय दिसत नाही तुला? पोट आडवं येतं का रे!" मला खांद्यावर टाकून ट्रकपर्यंत पळाला. वाटेत धापा टाकत शिव्या देत होता. बाकीचे एकतीस तिकडे आहेत. हा इथे होता.

आज त्याचंही रक्त तपासलं. उद्या कळेल. नवी टेप उनैसीकडून मागवून घेतली आहे त्याने. म्हणाला, उठून उभा राहा, आधी तू.

एकशे एकोणीस.