चाळीस नंबरवरचा सोबती

११ जून
पोचलो एकदाचा मुलगारा रोडहाऊसला, वाळवंटाआधीच्या शेवटच्या पेट्रोलपंप-खानावळीला! पोटात अंडी-सॉसेज गेलंय आणि बरं वाटतंय. वाळवंट ओलांडलं की लिनेटचं घर. लेकीनं बजावलंय, बाबा, आता कायमचा इकडेच ये. माझी बायको मेव्हिस गेल्यापासून घरात मी आणि फ्रीजची घरघर, दुसरं कोणी नाही.

इथली मालकीण नोरीन गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, म्हातारबुवा, टायरांत एवढी हवा भरलीय, उडत जायचंय का? वाळूत हवा कमी हवी. पाणी एकाच डब्यात नको, डबा फुटला की संपलं. उन्हं कलायच्या आत थांब, कांगारू आडवे येतात. गाडीतला वायरलेस चाळीस नंबरच्या चॅनेलवर ठेव, रस्त्यावरचे सगळे त्यावरच बोलतात. आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायचीच; न देणाऱ्याला इथे कुणी माणसात धरत नाही. सगळं लिहून ठेवतोय, माझं डोकं म्हणजे चाळणी.

१२ जून
दिवसभर लाल माती आणि काटेरी गवत. एक गाडी नाही. तहान नसतानाही सारखं पाणी पीत होतो. दुपारी वायरलेसवर हाक आली, कुणी आहे का? मी लगेच ओ दिली. भला माणूस वाटला. पुढे खोल खळगा आहे, हळू घे म्हणाला. खरंच होता. मग मी मेव्हिसबद्दल बोललो, लिनेटबद्दल, गुडघ्यांबद्दल. कित्येक महिन्यांत एवढं बोललो नव्हतो. तो आपला मध्येच 'मग?', 'पुढे?' एवढंच. नाव विचारायचं राहूनच गेलं.

१३ जून
आजही तोच. रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी अडकलंय, काढ म्हणाला. काढलं, तर इंजिन तापायचं थांबलं. मी आभार मानले आणि मग खाली उतरून चौफेर बघितलं. हा वायरलेस फार तर पुढच्या टेकाडापर्यंत पोचतो. हा माणूस कालपासून कानाशी बसल्यासारखा ऐकू येतोय, आणि पुढेमागे कुठेच धूळ नाही. जाळीतलं बी त्याला दिसलं कसं? मी विचारलं. तो हसला. हसता हसता खोकला. मी तसाच हसतो.

१४ जून
पुढचा रस्ता वाहून गेलाय, डावीकडची वाट धर म्हणाला. आजवर त्याचं काही चुकलं नव्हतं. धरली. टेकाडामागे वाळूत गाडी पार पोटावर बसली. हवा सोडली, चाकांखाली फळ्या घातल्या, खणलं. हलत नाही. चालत निघावं तर गुडघे साथ देणार नाहीत, आणि गाडी सोडून गेलेले लोक सापडत नाहीत.

त्याला हाका मारल्या. गप्प आहे. लिनेट वाट बघत असेल.

१५ जून
बोलायला लागला. माझंच बोलणं मला ऐकवतोय. 'मेव्हिस' मी जसं ओढून म्हणतो, अगदी तसं. चुकलं की परत म्हणतो. तालीम —

दुपार
ट्रक! टेकाडापलीकडे धूळ. ड्रायव्हरनं चाळीसवर विचारलं, बाजूच्या वाटेवर चाकांच्या ताज्या खुणा दिसतायत, कुणी अडकलंय का रे?

मी बटण दाबायच्या आत उत्तर गेलं. माझ्या आवाजात. नाही रे दोस्ता, मजेत आहे, चहा टाकलाय.

ड्रायव्हर हसला. म्हणाला, मग आजोबा, आमच्या वाटणीचाही प्या.

मी ओरडत होतो, बटण दाबून दाबून — माझ्या आवाजावर आवाज चढवून तोच बोलत होता, हवापाण्याचं —

ट्रक निघून गेला. धूळ बसली.

अजून १५
आता तो म्हणतोय, आलो गं पोरी, दार उघड. पुन्हा. जरा थकल्यासारखं. पुन्हा. जरा मायेनं —

बटण दाबून म्हटलं, लिनेटकडे जाऊ नको. काय हवं ते घे, तिच्याकडे —

तो थांबला. मग माझ्याच आवाजात, घाबरत घाबरत त्यानं विचारलं, कोण बोलतंय?

नाव सांगायला मी तोंड उघडलं आणि त्याच्या जुन्या आवाजात एवढंच निघालं: 'मग?', 'पुढे?'