घरपोच भाजी

अपेक्षा,

तू मोबाईलवरून मागवलेली भाजी दारात आली. वर तुझा फोन, "आई, आता मंडईत पायपीट नको. दर रविवारी घरपोच येईल." मोठी आली उपकार करणारी!

अगं, भाजी आपल्या कोपऱ्यावरही मिळते. लहान होतीस तेव्हा मंडईत नेलं की रडायचीस, मला नुसती कटकट व्हायची. नोकरीला लागलीस आणि खरी मजा सुरू झाली. मी भाव पाडायचे आणि तू मागून भाजीवालीला म्हणायचीस, "काकू, देऊन टाका, नाहीतर ही इथंच मुक्काम करेल." मग रस पिता पिता तुझ्या साहेबाच्या नकला आणि माझ्या जावेच्या चहाड्या. जन्मात एवढी हसले नव्हते. पोर मोठी झाली की अशी मैत्रीण होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्न करून खराडीला गेलीस, तरी रविवारी यायचीस. आणि आता नुसती भाजी पाठवलीस. म्हणजे इतके दिवस तू भाजीसाठीच येत होतीस?

हे पत्र तुला देणार नाही. वाचून येशील धावत, पण कीव करून. आजाऱ्याशी बोलतात तसं माझ्याशी गोड गोड बोलशील. ते मला सोसायचं नाही.

आई