पंधराशे झाले की पोशेऱ्याला

१२ जानेवारी
आज परत हरलो. खोडाळ्याच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, वीसेक माणसांदेखत. तुळशीदास म्हणाला, शेट झालास लहान्या, पण वजीर काय तुला अजून सांभाळता येत नाय. लोक हसले. मीही हसलो. बुद्धिबळ यानेच शिकवलं, ठाण्याला लेबर कॅम्पात, नटबोल्टचे मोहरे करून. तो टाइल कटर चालवायचा, मी विटा वाहायचो. आज स्लॅबखाली लावायच्या माझ्या सेंट्रिंगच्या प्लेटा जव्हार-मोखाडा सगळीकडे भाड्याने फिरतात. तो पोशेऱ्याला घरी बसलाय. तरी बावीस वर्षांत त्याला एकदाही हरवलं नाही. हे आता बदलणार.

१९ जानेवारी
लॅपटॉप आणला. बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. चार-पाच डाव झाले की ते आपल्याला रेटिंग देतं. माझं ६१२. हजारात ६१२ म्हणजे फर्स्ट क्लास. लेकीला नाशिकला फोन लावून सांगितलं. निशा म्हणाली, पप्पा, ते हजारातून नसतं, बरे खेळणारे पंधराशेच्या वर असतात. ठरलं. पंधराशे झाल्याशिवाय तुळशीदाससमोर बसायचं नाही. रोज पहाटे पाच ते सात सराव.

२० जानेवारी, सकाळी ७.४०
आत्ता उठलो. उद्यापासून.

२ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरमध्ये चूक आहे. राजाला एकदा घोड्याची उडी असते, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मशीन उडी घेऊच देत नाही. वर त्याचं स्वतःचं प्यादं पहिल्याच चालीत दोन घरं पळतं. मध्येच त्याचा राजा आणि हत्ती एकदम जागा बदलतात. निशाकडून इंग्रजीत कडक तक्रार लिहून घेतली. कंपनीचं उत्तर आलं, जगभर असंच खेळतात. म्हणजे तुळशीदासने मला बावीस वर्षं चुकीचे नियम शिकवले. म्हणून हरत होतो. कारण सापडलं, बरं झालं. आमचा डाव तो आमच्याच नियमांनी मांडणार हे खरं, पण पाया पक्का पाहिजे.

९ फेब्रुवारी
तुळशीदासच्या बायकोचा, हिराबाईचा फोन. म्हणाली, लहान्याभाऊ, त्यांना आता चढ चढवत नाय, बाजाराला येणं बंद झालं. तुम्ही घरी या, एक डाव टाकू म्हणतात. मग फोन त्याच्याकडे दिला. माझे कान तिखट. काँक्रीटचा मिक्सर नुसता ऐकून, माल पातळ झाला का ते मी रस्त्यावरून सांगतो. तुळशीदासचा श्वास ऐकला. शिट्टीसारखा, तुटक तुटक. घाबरलाय. लॅपटॉपची बातमी पोचली वाटतं. म्हटलं, येतो, जरा काम आहे.

२३ फेब्रुवारी
६७०. मशीन खोकत नाही, नाक ओढत नाही, ही मोठी अडचण. तुळशीदास मोठी चाल करण्याआधी नाक ओढतो. तेवढ्यावरून मला कळतं की हत्ती गेला. वाचवता येत नाही, तो भाग वेगळा.

५ मार्च
७४०. त्यात काही डाव चाली मागे घेऊन जिंकले. बटण दिलंय ते वापरण्यासाठीच ना. बायको, प्रेमा म्हणाली, हरवतं तुम्हाला मशीन आणि शिव्या खातात सेंट्रिंगवाले. शिवाय, तुळशीदासभाऊंना अख्खी वाडी बघून आली, तुम्हीच राहिलात. मी म्हटलं, तयारीशिवाय कसा जाऊ. ती म्हणाली, आजारी माणसाला बघायला कसली आलीय तयारी, चप्पल घाला आणि निघा. हिला खेळातलं काही कळत नाही.

१६ मार्च
आज त्याने स्वतः फोन लावला. अर्धं वाक्य, थांबा, मग उरलेलं. लहान्या, कवा येशील. मागे कसली तरी घरघर चालू होती. ऑक्सिजनचं मशीन, हिराबाई म्हणाली. कटरची धूळ छातीत बसलीय, डॉक्टर आता काही बोलत नाहीत. माझ्या मते नुसतं बसून राहिल्याने होतं हे. माणसाला समोर काहीतरी पाहिजे. म्हणून मुद्दाम म्हटलं, पाडव्यापर्यंत थांब, बघ कसा हरवतो तुला. तो हसला. हसताना खोकला लागला. थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून होतो. बराच वेळ थांबला नाही.

१८ मार्च, पहाटे ५.५०
८०२! एकही चाल मागे न घेता. पाडव्याला बारा दिवस, सातशे बाकी. रोज साठ. जमेल.

२७ मार्च, सकाळी
७७५. हिराबाईचे दोन फोन येऊन गेले. डाव ऐन रंगात होता, उचलले नाहीत. मशीनचा हत्ती मारला होता.

२८ मार्च
तुळशीदास काल सकाळी गेला. मातीला पोचलो. लोकांनी मला पुढे वाट करून दिली, जुना दोस्त म्हणून.

३० मार्च, पाडवा
परवा हिराबाईशी बोलणं झालं नव्हतं. आज जाऊन बसलो. सरावाचं सांगितलं. रेटिंग, पहाटेचं उठणं, सगळं. म्हटलं, पुरी तयारी करून येणार होतो.

ती म्हणाली, त्याची काय गरज होती भाऊ. ते सोता हरायलाच तुमाला बोलवत होते. म्हणायचे, या बारीला वजीर उघडा सोडतो, लहान्याला जिंकू देतो, नाय तं शेट काय आता यायचा नाय माझ्याकडं.

मी म्हटलं, मुद्दाम सोडलेला मला कळला असता.

तर म्हणाली, नाय कळत तुमाला. बाजारात पाच-सहा वेळा सोडलेला त्यांनी. घरी येऊन हसायचे. तुम्ही कवा घेतलाच नाय.

कुठल्या डावांत, ते तिला सांगता येईना.